आकडा कुणाचा, मन कुणाचे?



भाताची रोवणी आटोपून बायांना जरा उसंत मिळाली की आपल्या भंडारा जिल्ह्यातल्या गावांत पाहणीवाले येतात. कुणी विद्यापीठाचे विद्यार्थी, कुणी संस्थेचे, कुणी सरकारी खात्याचे. हाती प्रश्नावली असते. झोप लागते का, जेवण जाते का, उगीच रडू येते का, जगूच नये असे वाटते का? साकोली-लाखांदूरकडची बाई ओसरीवर बसून सांगते, "मन नाही लागत जी. जीव घाबरते." तिच्या उत्तरासमोर एक खूण होते, कागद शहरात जातो आणि वर्षा-दोन वर्षांनी त्यातून निघालेला एक आकडा वर्तमानपत्रात येतो. त्या बाईकडे मात्र तो परत येत नाही. आलाच तर असा येतो की त्यात तिला स्वतःची ओळख पटू नये.

मी एम.एस.डब्ल्यू. करताना संशोधन पद्धती हा विषय शिकले. नमुना कसा निवडावा, प्रश्न कसा विचारावा, टक्केवारी कशी काढावी, हे सारे अभ्यासक्रमात होते. पण निघालेला निष्कर्ष पत्रकाराला कसा सांगावा आणि गावच्या बैठकीत कसा सांगावा, यावर एकही तास नव्हता. प्रत्यक्ष कामात उतरल्यावर जाणवले की बाईचे बरेवाईट पुष्कळदा त्या सांगण्यावरच ठरते. म्हणून या वेळी संपादकीयासाठी हा विषय घेतला आहे.

आधी एक चांगले संशोधन पाहू. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यातल्या एका जिल्हा रुग्णालयात गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. तो २००२ साली प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २५२ आयांना भेटले, तेव्हा त्यांतल्या ५९ जणींना, म्हणजे सुमारे २३ टक्क्यांना, नैराश्याचा त्रास असल्याचे दिसले. आता याची बातमी करायची झाली तर सोपा मथळा तयारच आहे : 'चारपैकी एक बाळंतीण मनोरुग्ण'. आकड्याच्या दृष्टीने तो फारसा चूक नाही. पण याच अभ्यासात पुढे काय सापडले? ज्या घरात दारिद्र्य होते, उपासमार होती, नवऱ्याचा मार होता, तिथल्या आयांना हा त्रास अधिक होता. मुलगी झाली असेल तर त्याचा भार आणखी वाढत होता. त्रास झालेल्या बहुतेक जणींचे मन गरोदरपणातच खचलेले होते. म्हणजे संशोधन बोट दाखवत होते ते घराकडे, चुलीकडे, मुलग्याच्या हव्यासाकडे. मथळा बोट दाखवतो ते बाईच्या डोक्याकडे. दोन्हींत आकडा तोच असतो, पण आरोपी बदलतो.

हा फरक शब्दांपुरता राहत नाही. आमच्या सल्ला केंद्रात एका प्रकरणात नवऱ्याने वर्तमानपत्राचे कात्रण खिशात घालून आणले होते. बायकांमध्ये नैराश्य जास्त, अशी ती बातमी होती. "पेपरातच आलं आहे, हिचंही डोकं फिरलं आहे, आता हिला माहेरी ठेवा," असे त्याचे म्हणणे. बायको डॉक्टरांच्या गोळ्या घेत होती, एवढेच खरे होते. ती का घेत होती, हे त्या कात्रणात नव्हते; तिच्या पाठीवरच्या वळांत होते. हिंदू विवाह कायद्यात मनोविकृती हे घटस्फोटाचे एक कारण आहे. ते सिद्ध करायला कायद्याने बरेच काही लागते. उपचार घेण्याजोगा नैराश्याचा त्रास आहे एवढ्याने भागत नाही. पण गावातल्या बैठकीला कायद्याची कलमे कोण वाचून दाखवणार? तिथे कात्रणच पुरावा ठरते. 'वेडी' हा शिक्का एकदा बसला की बाईचा पोरांवरचा हक्क, घरातला वाटा, तिचा शब्द, सगळेच हलके होते.

मथळे नेहमी पत्रकाराच्या दुष्टपणातून येतात असे मी मानत नाही. तालुक्याच्या बातमीदाराला एका दिवसात अपघात, ग्रामसभा आणि धान खरेदी केंद्रावरची रांग असे सगळे पाहायचे असते. त्याला जो आकडा हाती देऊ तोच तो छापणार. तेव्हा आकडा नीट हाती देणे हे संशोधकांचे आणि आपल्यासारख्या कार्यकर्त्यांचेही काम आहे.

आकडे किती फसवे असू शकतात ते पाहा. भारतातील आत्महत्यांविषयीचा एक मोठा अभ्यास २०१८ साली लॅन्सेट समूहाच्या नियतकालिकात आला. जगात आत्महत्येने मरणाऱ्या स्त्रियांमध्ये भारतीय स्त्रियांचा वाटा १९९० साली २५.३ टक्के होता, तो २०१६ साली ३६.६ टक्के झाला, असे त्यात म्हटले आहे. घाईने वाचणारा म्हणेल, भारतातल्या छत्तीस टक्के बायका आत्महत्या करतात. हे धडधडीत चूक आहे. थोडा नीट वाचणारा म्हणेल, आपल्या बायकांच्या आत्महत्या वाढल्या. तेही बरोबर नाही. त्याच अभ्यासानुसार, वयोरचनेतला फरक जमेस धरता, भारतीय स्त्रियांच्या आत्महत्यांचे प्रमाण दर लाखामागे २० वरून १४.७ वर आले होते. मग वाटा वाढला कसा? एक कारण असे की इतरत्र हे प्रमाण आपल्यापेक्षा अधिक वेगाने घटले. जगातल्या बायांच्या वाट्याला जी सुटका आली ती आपल्या वाट्याला कमी आली, हा त्याचा अर्थ. ही बातमी खरी आहे आणि अधिक जळजळीतही आहे. पण ती सांगायला चार वाक्ये लागतात.

दुसरे उदाहरण आपल्या विदर्भातलेच. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत 'विश्राम' नावाचा मानसिक आरोग्याचा कार्यक्रम झाला. गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन लोकांशी बोलायचे, आधार द्यायचा आणि गरज पडल्यास डॉक्टरांकडे न्यायचे, अशी त्याची रीत होती. २०१७ साली त्याचे निष्कर्ष आले. नैराश्याचा त्रास असलेल्यांपैकी उपचार किंवा मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले होते, म्हणजे सहापटीहून अधिक. नैराश्याचे प्रमाण १४.६ वरून ११.३ टक्क्यांवर आले होते. 'सहापट' हा शब्द तेवढा उचलला तर 'विदर्भात नैराश्य सहापट' असा मथळा व्हायला कितीसा वेळ? वाढली होती ती मदत मागण्याची हिंमत. आणि उलट बाजूनेही सावध राहायला हवे. या अभ्यासात कार्यक्रम न झालेली गावे तुलनेला नव्हती. आधी मोजले आणि नंतर मोजले. त्यामुळे नैराश्य घटले ते केवळ कार्यक्रमामुळेच, असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. चांगले काम असले तरी जेवढे सिद्ध झाले तेवढेच म्हणावे. आपल्या बाजूचा आकडा आहे म्हणून तो फुगवला, तर दुसऱ्याच्या फुगवलेल्या आकड्याला आपण कोणत्या तोंडाने हरकत घेणार?

अर्धेकच्चे संशोधन यंत्राच्या रूपाने आले की त्याचा दरारा आणखी वाढतो. मेंदूतल्या विद्युतलहरी टिपून माणसाने एखादे कृत्य स्वतः केल्याची आठवण त्याच्यात आहे का, हे ओळखण्याचा दावा करणारी एक चाचणी आपल्याकडे तपासात वापरली जात होती. जून २००८ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने एका तरुणीला खुनाबद्दल दोषी ठरवले, तेव्हा पुराव्यांत या चाचणीचाही आधार घेतला. जगभर बातम्या झाल्या. ती दोषी की निर्दोष, हा इथला प्रश्न नाही. स्वतंत्र तज्ज्ञांनी पुरेशी पारखून न घेतलेली पद्धत 'मन वाचणारे यंत्र' म्हणून लोकांपुढे आली, हा प्रश्न आहे. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूची ही चाचणी संमतीशिवाय करता येणार नाही, असा निकाल दिला. शास्त्राचे नाव घेऊन कुणी मन उघडून दाखवतो म्हणाले, तर कुणी तपासले, किती वेळा तपासले, हे विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे.

आणि शेवटी, आत्महत्येची बातमी. 'क्षुल्लक कारणावरून विवाहितेने जीवन संपविले', हे वाक्य आपण कितीदा वाचले आहे! राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२१ च्या अहवालात आत्महत्या केलेल्या ४५ हजारांवर स्त्रिया आहेत. त्यांतल्या निम्म्याहून अधिक 'गृहिणी' म्हणून नोंदल्या आहेत. आपल्याकडची बाई चिखलात वाकून रोवणी करते, बिड्या वळते, तेंदूपत्ता तोडते. पण सातबारा नवऱ्याच्या नावे असल्याने मेल्यावर ती गृहिणी ठरते. कारणांच्या रकान्यात 'कौटुंबिक समस्या' असे लिहिले जाते. त्या दोन शब्दांत दारू, मार, संशय, हुंडा, सारे गाडले जाते. आत्महत्येच्या बातमीत पद्धतीचे वर्णन करू नये, जागा सांगू नये, भडक मथळा देऊ नये, अशा सूचना प्रेस कौन्सिलने २०१९ साली स्वीकारल्या आहेत. अशा वर्णनामुळे खचलेल्या दुसऱ्या माणसालाही तो मार्ग सुचतो, हे संशोधनाने दाखवले आहे. मानसिक आरोग्य कायदा, २०१७ प्रमाणे उपचार घेत असलेल्या व्यक्तीचा फोटो किंवा माहिती तिच्या संमतीशिवाय प्रसारमाध्यमांना देता येत नाही. या दोन गोष्टी आपल्या गावच्या बातमीदाराला सांगायला कुणाची परवानगी लागत नाही.

आपण काय करायचे? पाहणीला येणाऱ्यांना आपल्या गटांनी काही अटी घालाव्यात, असे मला वाटते. निष्कर्ष वर्तमानपत्रात जाण्याआधी ज्या बायांनी उत्तरे दिली त्यांच्यासमोर, त्यांच्या बोलीत, वाचून दाखवावेत. गाव लहान असेल तर नाव छापू नये. वय, जात आणि मोहल्ला दिला की नाव न देताही सारे ओळखतात. किती जणींना विचारले, कोणत्या जणींना विचारलेच नाही, हे बातमीत असावे. 'मनोरुग्ण' म्हणण्याऐवजी काय त्रास होतो ते साध्या शब्दांत सांगावे. आणि त्रासाचा आकडा जिथे येईल तिथेच मदत कुठे मिळते हेही यावे. १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, तो बातमीखाली छापायला एक ओळ पुरते.

काही मैत्रिणी म्हणतील, इतक्या अटी घातल्या तर संशोधक येणारच नाहीत, मग आपले दुखणे जगाला कळणार कसे? ही भीती मी खोटी म्हणणार नाही. मोजले गेलो नाही तर आपल्यासाठी ना डॉक्टर येतो, ना निधी. मोजणी हवीच. पण मोजून घेणाऱ्या बाईला वजनकाट्यावरचे धान्य समजू नये, एवढेच मागणे आहे. एका बैठकीत एक वयस्क बाई म्हणाल्या होत्या, "लिहून तं सारेच नेतेत बाई, वाचून कोण दाखवते?"

येत्या तीन महिन्यांत आपापल्या भागातल्या वर्तमानपत्रांत बायांच्या मनाविषयी जे जे छापून येईल, त्याची कात्रणे आम्हांला पाठवा. सोबत चार ओळी लिहा : हे आपल्या गावात वाचून दाखवले तेव्हा बाया काय म्हणाल्या. पुढचा अंक त्यांच्या म्हणण्यातून उभा करू.