लेकराचे बाबाच त्याला घेऊन गेले, तर?

मनीषनगरच्या एक भगिनी लिहितात : ‘वर्षभर मी मुलाला घेऊन माहेरी आहे. कोर्टकचेरी काही केली नाही. मागच्या आठवड्यात त्याचे बाबा त्याला बालवाडीतून परस्पर घेऊन गेले. पोरगा चार वर्षांचा. चौकीवर गेले, तर म्हणतात, बापच लेकराला घेऊन गेला, आम्ही काय करणार? आता मी काय करू?’

ताई, चौकीवरचे उत्तर जिव्हारी लागणारे आहे, पण निराधार नाही. अमरावतीकडे असेच घडले होते. तीन वर्षांच्या मुलाला वडील घेऊन गेले. आईने पळवून नेल्याची फिर्याद दिली. ऑक्टोबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो गुन्हा रद्द केला. वडीलही नैसर्गिक पालकच, आणि मूल आईकडे द्यावे असा कोर्टाचा हुकूम नव्हता. ‘मूल माझ्याजवळ राहते’ आणि ‘माझ्याजवळ राहावे असा हुकूम आहे’, यात एवढे अंतर आहे!

म्हणून हातपाय गाळू नका. १९५६ च्या हिंदू पालकत्व कायद्याप्रमाणे पाच वर्षांखालचे मूल सामान्यतः आईकडेच असावे. पण दिवस घालवू नका. मूल तिकडे रुळले, की ‘आता त्याला हलवू नका’ असे म्हणायला त्यांना जागा मिळते.

नागपूरच्या कुटुंब न्यायालयात ताब्याचा अर्ज करा, सोबत तात्पुरत्या ताब्याचाही. जन्मदाखला, लसीकरणाचे कार्ड, बालवाडीच्या पावत्या जोडा. वकिलाची फी परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा; स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हुकूम झाला, की त्याची नक्कल बालवाडीच्या बाईंकडेही देऊन ठेवा. मग मात्र परस्पर नेणे म्हणजे हुकमाचा भंग.

आणखी एक. कोर्ट आई-बापाच्या हक्कापेक्षा मुलाचे हित आधी पाहते. तेव्हा रागाच्या भरात तुम्हीही त्याला तसेच उचलून आणू नका. उद्या हुकमात ‘रविवारी वडिलांची भेट’ असली, तर पोराला वेळेवर तयार ठेवा. टाळाटाळ केलीत, तर हुकूम मोडल्याचा ठपका तुमच्यावर येईल, आणि वाट पाहत बसेल ते लेकरूच.

मैत्रिणींनो, ज्या वेगळ्या राहतात आणि ‘बघू पुढे’ म्हणून कागद करायचे टाळतात, त्यांनी हे पत्र आपलेच समजावे.