घड्याळ तेच, सूर्य वेगळा

पनवेलच्या व्यापारी कुटुंबांत लांबचा प्रवास म्हटला की पालिताणा, शंखेश्वर, सम्मेतशिखर ही नावे आधी ओठांवर येतात. केवळ विश्रांतीसाठी समुद्रापलीकडच्या बेटावर जाण्याची कल्पना अनेक घरांत अजून नवी आहे. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून विमाने उडू लागली आणि विमानप्रवास पनवेलकरांच्या उंबरठ्याशी आला. त्यामुळे मुलांच्या तोंडी अंदमानचे नाव वारंवार येऊ लागले, तर नवल नाही. तरीही बेत ठरू लागताच घरातील ज्येष्ठ हळूच म्हणतात, ‘तुम्ही जाऊन या, माझ्या चौविहाराची तुम्हाला अडचण नको.’ आणि कुटुंबाची पहिली सहल आजी-आजोबांवाचून निघते.

ही अडचण खरी किती आणि मानलेली किती, याचे उत्तर सूर्याच्या गतीत आहे. भारतभर घड्याळ एकच असले तरी सूर्य सर्वत्र एकाच वेळी उगवत नाही. पोर्ट ब्लेअर (सप्टेंबर २०२४ पासून श्री विजयपुरम) पनवेलच्या जवळजवळ वीस रेखांश पूर्वेला आहे. एका रेखांशाला चार मिनिटे, या हिशेबाने तेथील मध्यान्ह सुमारे ७८ मिनिटे आधी येतो. डिसेंबरअखेर पनवेलला सूर्योदय साधारण सात वाजून दहा मिनिटांनी व सूर्यास्त सहा वाजून दहा मिनिटांनी होतो. त्याच दिवशी पोर्ट ब्लेअरला सूर्य पाच-चाळीसच्या सुमारास उगवतो आणि पाच वाजून पाच मिनिटांच्या आसपास मावळतो.

परदेशी बेटावर हा घोटाळा सहसा होत नाही. बालीला उतरताच घड्याळ अडीच तास पुढे करावे लागते, म्हणून मन आपोआप सावध होते. अंदमानात घड्याळाला हात लावावा लागत नाही आणि फसगत नेमकी तेथेच होते. पनवेलच्या सवयीने साडेपाचला जेवणाची ऑर्डर द्यावी, तर बाहेर अंधार पडलेला असतो.

परंतु वरील आकडे पुन्हा पाहावेत. डिसेंबरअखेर पोर्ट ब्लेअरचा दिवस पनवेलपेक्षा सुमारे पंचवीस मिनिटांनी मोठाच असतो, कारण ते बेट विषुववृत्ताच्या अधिक जवळ आहे. संध्याकाळी गेलेला एक तास सकाळी दीड तास होऊन परत मिळतो. सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी येणारी नवकारशी पनवेलला आठच्या सुमारास होते; पोर्ट ब्लेअरला ती साडेसहाच्या आतच येते. म्हणजे नवकारशी पाळणाऱ्या आजीसुद्धा सकाळी आठच्या बोटीपूर्वी निवांत नाश्ता करू शकतात. चौविहाराची वेळ लवकर येते तशी नवकारशीही लवकर येते. पच्चक्खाणाला कोठेही बाधा येत नाही.

एवढे ध्यानात घेऊन बेत आखला की बाकीचे सोपे होते. स्वराज द्वीप, म्हणजे पूर्वीचे हॅवलॉक, येथे जाणारी बोट सकाळची घ्यावी. दुपारची उशिराची बोट धक्क्याला लागेपर्यंत सूर्य कललेला असतो. दुपारचे जेवण अकराच्या सुमारास आणि सायंकाळचे साडेतीन-चारला ठेवावे, व ही वेळ हॉटेलला खोली ठरवतानाच सांगावी. मग जेवण आटोपून पश्चिमेकडील राधानगर किनाऱ्यावर सूर्यास्त पाहता येतो, आणि दुसऱ्या दिवशी पूर्वेकडील काळापथ्थर किनाऱ्यावर सूर्योदय. सेल्युलर जेलमधील प्रकाश-ध्वनी कार्यक्रम अंधार पडल्यावरच असतो, त्यामुळे तो जेवणाच्या आड येत नाही. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या या तुरुंगाच्या सात शाखांपैकी आज तीन उभ्या आहेत. सावरकर बंधूंनी जेथे वर्षानुवर्षे कारावास भोगला, त्या कोठड्या मुलांनी आजोबांचे बोट धरून पाहाव्यात.

तेथील बहुतेक स्वयंपाकघरांत मासे शिजतात. ‘जैन जेवण मिळते’ एवढ्या उत्तरावर समाधान न मानता वेगळा तवा, वेगळी भांडी आणि कंदमुळाविना भाजी यांची विचारणा आधीच फोनवर करावी. खाखरा, सुखडी, भाजलेले मूग आणि पाणी उकळण्यासाठी विजेची किटली सोबत असली की बोटीला उशीर झाला तरी चिंता नसते. नारळ आणि केळी तेथे पिकतातच.

ऋतूही अनुकूल आहे. चातुर्मासात अंदमानचा समुद्र खवळलेला असतो. कार्तिकी पौर्णिमेला शत्रुंजयाची यात्रा पुन्हा सुरू होते. त्यानंतर काही आठवड्यांनी, डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत, हा समुद्र शांत होतो. तरीही हवामान बिघडल्यास बोटी रद्द होतात, म्हणून परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशीच पोर्ट ब्लेअरला यावे.

किनाऱ्यावरील शंख-शिंपले आणि प्रवाळ मुलांना खुणावतील. ते तेथेच राहू द्यावेत. प्रवाळ हा सजीवांनीच रचलेला असतो, आणि वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार तो उचलून नेणे गुन्हा आहे. जीवदयेचा हा पाठ मुलांना समुद्रकाठी लवकर उमगतो.

तिकिटे काढण्यापूर्वी एका कागदावर प्रत्येक दिवसाचा तेथील सूर्योदय व सूर्यास्त लिहावा, त्याखाली बोटींच्या आणि जेवणाच्या वेळा मांडाव्यात. तो कागद प्रथम घरातील सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीच्या हाती द्यावा. ‘तुम्ही जाऊन या’ असे म्हणणाऱ्या आजींचे तिकीटही मग सर्वांबरोबरच निघेल.