कापूस कोणाच्या मुठीत?

गिरणी कामगार बंधूंनो,

साच्यावर धागा तटातट तुटायला लागला की मुकादम आपल्यावर डाफरतो. पण जिनात चांगल्या कापसात कवडी मिसळली असेल, तर आपले हात काय करणार? धाग्याचं दुखणं पुष्कळदा कापसाच्या बाजारातूनच येतं. तो बाजार कोणाच्या मुठीत आहे, हे आपण समजून घेतलं पाहिजे.

कापसातून रुई निघते जेमतेम एक तृतीयांश, बाकी बहुतेक सरकी. १७० किलोची एक गठाण बांधायची तर पाच क्विंटलांच्या आसपास कापूस लागतो. विदर्भातला लहान कोरडवाहू शेतकरी चार-दोन गठाणींचा धनी. विकणारे लाखो, घेणारे मूठभर! मग भाव कोण ठरवणार? ज्याच्याकडे जिन आणि रोकड, तोच.

म्हणून १९७२ साली महाराष्ट्रात एकाधिकार खरेदी सुरू झाली. व्यापारी बाजूला सरला. जिनवाल्याचा स्वतःचा सौदा संपला. योजनेच्या कापसाची रुई काढून द्यायची आणि मजुरी घ्यायची, एवढंच त्याला उरलं. शेतकऱ्याला हमीभावाचा आधार मिळाला, हे कोणीही नाकारू नये.

पण चुकारे रखडू लागले. बाहेर भाव चढला की कापूस चोरून शेजारच्या राज्यात जाई. भाव पडला की सगळा माल केंद्रावर. तोटा योजनेच्या गळ्यात! अखेर २००२ साली खासगी व्यापाऱ्याला पुन्हा दार उघडलं.

यावर शेटजी म्हणतात, "बघा, एकी बुडाली!" साफ खोटं. एकवटली होती ती खरेदी. शेतकरी एकवटलाच नव्हता. काटा, प्रतवारी, चुकारा, कशावरही त्याचा हात नव्हता. तो नुसता रांगेत उभा होता.

वरचे मात्र एक होतच आहेत. २०१८ साली जर्मनीच्या बायर कंपनीने अमेरिकेची मोन्सॅन्टो ही बियाण्याची कंपनी गिळली. बियाणं विकणारे थोडे, कापूस घेणारे थोडे. मधे चिरडतो तो एकटा शेतकरी. आणि मालकापुढे एकट्या माणसाची काय किंमत असते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

तेव्हा आपली मागणी साफ असली पाहिजे: जिन-प्रेस शेतकऱ्यांच्या सामाईक मालकीचे, प्रतवारी त्यांच्या डोळ्यांदेखत, चुकारा ठरल्या दिवशी. आपल्या युनियनने ही मागणी उचलावी. यात उपकार कसला? रुई चांगली आली तर आपलाही धागा टिकेल.

कापूस पिकवणारा आणि सूत काढणारा, दोघे एक झाल्याशिवाय ही मूठ सुटायची नाही!