मत घेता, तर मोजणीही दाखवा

सिंधुदुर्गातल्या तोंडवली, तळाशील, आचरा, हडी, मसुरे या पट्ट्यात भजन स्पर्धा लागली की निकाल कशावर लागणार हे मंडळांना बहुधा आधीच ठाऊक असते. वेळ ठरलेली असते आणि ती ओलांडली तर गुण कापले जातात. बुवांचा आवाज, चाली, पखवाज, हार्मोनियम, झांज, कोरस, शिस्त यांचे गुण वेगवेगळे. परीक्षक कोण, कुठल्या गुरूकडे शिकलेले, हे व्यासपीठावरून सांगितले जाते. शेवटचे मंडळ उठले की त्याच मंडपात निकाल लागतो आणि परीक्षक माईक हातात घेऊन कुणाचा ताल कुठे सुटला ते सगळ्यांसमोर बोलून दाखवतात. निकाल न पटलेले मंडळ गुण बघायला मागते. भांडणे होतात, काही तर पुढच्या जत्रेपर्यंत धुमसत राहतात. पण भांडायला समोर माणूस असतो आणि दाखवायला कागद असतो.

टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत यातले काहीही नसते. ‘महाराष्ट्राने कौल दिला आहे’ असे निवेदक सांगतो, संगीत थांबते, कॅमेरा दोन पोरांच्या चेहऱ्यांवर फिरतो आणि त्यातले एक घरी जाते. किती मते पडली, किती कमी पडली, परीक्षकांचे गुण धरले की सोडले, मोजणी कुणी केली, यातला एकही आकडा ना त्या पोराला कळतो, ना मत देणाऱ्याला. हे पत्रक त्या आकड्यांसाठी आहे. जो कार्यक्रम लोकांची मते मागतो, त्याने मोजणीही लोकांसमोर ठेवली पाहिजे.

कोकणाला या प्रकाराची ओळख झाली ती २००८–०९च्या हंगामात. झी मराठीवरच्या ‘सा रे ग म प लिटिल चॅम्प्स’ने त्या वर्षी महाराष्ट्राला अक्षरशः वेड लावले. पल्लवी जोशींचे निवेदन, परीक्षक अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत. शेवटी उरली पाच मुले: आळंदीची कार्तिकी गायकवाड, पुण्याची आर्या आंबेकर, लातूरचा रोहित राऊत, अलिबागची मुग्धा वैशंपायन आणि संगमेश्वर तालुक्यातल्या आरवलीचा प्रथमेश लघाटे. पाचांपैकी दोघे कोकणातले. ‘आपल्या पोराला एसएमएस करा’ असे फलक गावोगावी लागले, मुंबईतल्या चाकरमान्यांना फोन गेले, लोकांनी मोबाइल रिचार्ज केले. २००९च्या फेब्रुवारीत कार्तिकी जिंकली. ती सुरेखच गात होती आणि तिच्या विजयावर बोट ठेवण्याचे काही कारण नाही. मात्र आर्याला किती मते पडली, प्रथमेश कितवा होता, कोकणाने पाठवलेले एसएमएस मोजणीत धरले गेले का, याचा हिशेब पैसे मोजून मत देणाऱ्यांच्या हाती कधी आलाच नाही.

ही गुप्तता हरलेल्यावर अन्याय करते तशीच जिंकलेल्यावरही करते, आणि ही गोष्ट फारशी कुणी बोलत नाही. मुंबईचा अभिजीत सावंत ५ मार्च २००५ रोजी पहिला ‘इंडियन आयडॉल’ झाला. उपविजेता होता अमित साना. अनेक वर्षांनी अमितने मुलाखतीत आरोप केला की अंतिम फेरीआधी त्याला मत देण्याच्या लाइन बंद होत्या. अभिजीतला तो पटला नाही. देशभरातून मते आली होती, असे त्याचे म्हणणे. खरे कोण, हे सांगणारा कागद लोकांसमोर नाही. तो २००५ सालीच छापला असता, तर अमितला संशय घेऊन जगावे लागले नसते आणि अभिजीतला इतक्या वर्षांनी स्वतःच्या विजयाची बाजू मांडत बसावे लागले नसते.

मतदान हा शेवटचा टप्पा. खरी चाळण त्याच्या कितीतरी आधी लागते. ऑडिशनला शहरात पहाटेपासून रांग लागते. टीव्हीवर दिसणारे नामवंत परीक्षक या सगळ्यांना ऐकत नाहीत. आधीच्या फेऱ्या निर्मिती संस्थेची माणसे घेतात, तीही मिनिटा-दोन मिनिटांत. गाण्याबरोबर घरची माहितीही विचारली जाते: वडील काय करतात, घर कसे आहे, कर्ज आहे का, कुणी गेले का. ही माहिती निवडीत किती वजनाने धरली जाते, हे जाहीर नियमांत कुठेही लिहिलेले नसते. ते बोलून दाखवले खुद्द पहिल्या विजेत्याने. मे २०२१मध्ये अभिजीत सावंतने सांगितले की आजकाल निर्मात्यांना गुणवत्तेपेक्षा स्पर्धक किती गरीब आहे, त्याला बूट पॉलिश करता येते का, यात जास्त रस असतो.

त्याच महिन्यात ‘इंडियन आयडॉल’च्या किशोरकुमारांच्या स्मरणार्थ झालेल्या भागाला पाहुणे म्हणून गेलेले त्यांचे चिरंजीव अमितकुमार बाहेर येऊन म्हणाले की सगळ्यांची स्तुती करा, असे त्यांना सांगितले गेले होते. पूर्वी परीक्षक राहिलेल्या सुनिधी चौहाननेही स्तुतीची सक्ती असल्याचे सांगितले, त्या खुर्चीपासून दूर होण्याचे कारण म्हणून. परीक्षकाचे तोंड असे बांधलेले असेल तर पोराचे नुकसान दुहेरी होते. चूक दाखवणारे कुणी उरत नाही, आणि आठवडाभर ‘अप्रतिम, अप्रतिम’ ऐकलेले मूल रविवारी बाहेर जाते तेव्हा का, हे त्याला सांगता येणारे कुणीच नसते.

सिंधुदुर्गातल्या कलावंतांचे नुकसान तर पहिल्याच चाळणीत होते. दशावतारातला नट रात्रभराच्या नाटकात, लिहिलेल्या संहितेशिवाय, समोरच्याचा शब्द झेलत भूमिका उभी करतो. भजनाच्या डबलबारीचा बुवा रूपावली, अभंग, गवळण, गजर असा चढत जातो आणि समोरच्या बुवांच्या टोल्याला त्याच बैठकीत उत्तर देतो. त्याचे बळ कळायला तासभर जावा लागतो. दोन मिनिटांच्या ऑडिशनला ते बळ दिसूच शकत नाही. तिथे पहिल्या ओळीला वरची पट्टी पकडणारा पुढे जातो. टीव्हीला दोन मिनिटांचा गवई हवा असेल तर तसा नियम करायला ती मोकळी आहे. मग जाहिरातीत तसे लिहावे. ‘महाराष्ट्राचा आवाज शोधतो आहोत’ असे लिहू नये.

लोकांचे मत चुकते का? कधीकधी चुकते. २००५च्या ‘फेम गुरुकुल’मध्ये काझी तौकीर आणि रूपरेखा बॅनर्जी जिंकले. तौकीरच्या गायनावर परीक्षक नाखूश होते, तरी लोकांनी त्याला वर नेले. त्याच कार्यक्रमातून अरिजित सिंग नावाचा मुर्शिदाबादकडचा मुलगा अंतिम फेरीआधीच बाहेर पडला होता. २००७च्या ‘इंडियन आयडॉल’मध्ये दार्जिलिंगच्या प्रशांत तमांगसाठी डोंगरभर वर्गण्या गोळा झाल्या, मंडळे बसून मते पाठवत राहिली आणि प्रशांत जिंकला. त्या मोहिमेतून पुढे आलेल्या बिमल गुरुंग यांनी त्याच ऑक्टोबरात गोरखा जनमुक्ती मोर्चा स्थापन केला. गाण्याच्या मतांतून एक राजकीय पक्ष उभा राहिला! या मतांमागे एवढी माणसे, एवढा पैसा आणि एवढी आशा असते. म्हणूनच मोजणी दाखवण्याची जबाबदारी वाढते.

मोजणी दाखवल्यावर काय होऊ शकते, ते दक्षिण कोरियाने पाहिले. तिथल्या ‘प्रोड्यूस एक्स १०१’ या कार्यक्रमाचा अंतिम भाग १९ जुलै २०१९ रोजी झाला. वाहिनीने मतांचे आकडे जाहीर केले आणि ते प्रेक्षकांनीच तपासले. पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकात फरक २९,९७८ मतांचा. तिसऱ्या आणि चौथ्यात तोच. एकूण पाच ठिकाणी नेमका तोच आकडा. खऱ्या मतदानात हे होत नाही. पोलिसांनी तपास केला, निर्माता आन जून-यंग याला नोव्हेंबरमध्ये अटक झाली आणि मे २०२०मध्ये न्यायालयाने दोन वर्षांची कैद सुनावली. अपील न्यायालयाने त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, मते फिरवून डावलल्या गेलेल्या बारा स्पर्धकांची नावे निकालपत्रात वाचून दाखवली, निदान ती तरी लोकांना कळावीत म्हणून. लबाडी पकडली गेली ती आकडे छापले होते म्हणून. आकडेच छापले नसते तर ती आजही चालू असती.

ब्रिटनमध्ये आयटीव्ही वाहिनीला मे २००८मध्ये नियामक ऑफकॉमने ५६ लाख ७५ हजार पौंडांचा दंड केला. पैसे घेऊन मागवलेल्या फोन-मतांशी आणि फोन-स्पर्धांशी तिच्या कार्यक्रमांनी खेळ केला होता. एकात प्रेक्षकांनी निवडलेली गाणी निर्मात्यांनी परस्पर बदलली होती, तर दुसऱ्यात फोन करणाऱ्यांपैकी टीव्हीवर बरे दिसतील आणि सोयीच्या भागात राहतील अशांनाच बक्षिसाची संधी दिली होती. त्यानंतर त्याच वाहिनीवरच्या ‘एक्स फॅक्टर’ने हंगाम संपल्यावर प्रत्येक आठवड्यात कुणाला किती टक्के मते पडली ते जाहीर करण्याची पद्धत ठेवली. त्याने कार्यक्रमाची लोकप्रियता बुडाली नाही. म्हणजे आकडे उघड केले तर उत्कंठा जाते, हे कारण चालणारे नाही. हंगाम चालू असताना लपवा, संपल्यावर छापा.

दुसरे उत्तर असे मिळेल की हा खासगी करमणुकीचा कार्यक्रम आहे, निर्मात्यांचा निर्णय अंतिम, तसे करारात लिहिलेलेच असते. करार त्या पोराशी झालेला असतो, तेही बहुधा आईवडिलांनी घाईत सही केलेला. मत देणाऱ्याशी झालेला नसतो. शिवाय मत फुकट कधीच नव्हते. एसएमएसच्या काळात या संदेशाला साध्या संदेशापेक्षा जास्त दर लागे. २००७च्या ‘कौन बनेगा करोडपती’तल्या ‘हर सीट हॉट सीट’ स्पर्धेत तो २ रुपये ४० पैसे होता. बक्षिसाचा पैसा याच संदेशांतून निघतो, हे दडवले, अशी तक्रार ग्राहक संघटनेने केली. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८मध्ये स्टार इंडिया आणि एअरटेल यांना एक कोटीचा दंडात्मक भुर्दंड ठोठावला. सर्वोच्च न्यायालयाने २०१९मध्ये तो पुराव्याअभावी रद्द केला. पुरावा आणायचा कुठून? हिशेबाची वही वाहिनीच्या आणि मोबाइल कंपनीच्या कपाटात आहे. आज मत ॲपवरून दिले जाते, पैसे वेगळे कापले जात नाहीत, पण नाव आणि मोबाइल नंबर द्यावा लागतो आणि तो नंबर वाहिनीच्या उपयोगाचा असतो.

आपल्याकडे उघड निर्णयाची जुनी रीत आहे, ती कुठून आणायला नको. राज्य नाट्य स्पर्धा १९५४पासून चालू आहे. परीक्षकांची नावे निकालासोबत छापून येतात. पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासकची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा १९६३पासून होते. २०२२ साली तिथल्या परीक्षकांनी एकही एकांकिका करंडकाच्या योग्यतेची नाही असे ठरवले आणि करंडक कुणालाच दिला नाही. त्यावर महाराष्ट्रभर वाद झाला, परीक्षकांवर टीका झाली. तरी कुणी ठरवले आणि का ठरवले, हे प्रत्येकाला माहीत होते. टीव्हीला असा निर्णय घेताच येत नाही, कारण अंतिम सोहळ्याची तारीख, प्रायोजक आणि जाहिरातीचे दर आधी ठरलेले असतात. त्या रात्री कुणीतरी जिंकावेच लागते. म्हणून तर त्या ‘कुणीतरी’ची निवड तपासता आली पाहिजे.

कायदा पूर्ण रिकामा नाही. केबल टीव्हीच्या १९९४च्या नियमांतली कार्यक्रमसंहिता अश्लीलता, बदनामी, धर्मभावना यांवर बोलते, स्पर्धेच्या मतमोजणीवर मात्र नाही. ही उणीव भरून काढण्याची मागणी आमदार-खासदारांकडे केली पाहिजे. तोवर दोन दरवाजे उघडे आहेत. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ बक्षीस योजना संपल्यावर तिच्या अंतिम निकालाची माहिती सहभागींपासून दडवण्याला अनुचित व्यापार प्रथा म्हणतो. मत देणारा प्रेक्षक त्यात बसतो का, हे ग्राहक आयोगापुढे एकदा नीट मांडले गेले पाहिजे. दुसरा दरवाजा २०२१च्या सुधारित केबल नियमांचा. कुठलाही प्रेक्षक वाहिनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहू शकतो आणि पंधरा दिवसांत निर्णय द्यावा लागतो. तो पटला नाही तर वाहिन्यांच्या स्वयंनियमन मंडळाकडे आणि पुढे केंद्र सरकारकडे जाता येते.

एका गावातून गेलेले एक पत्र बाजूला पडते. तोंडवलीतून, तळाशीलमधून, आचऱ्यातून आणि मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळांतून एकाच मजकुराची पन्नास पत्रे गेली तर उत्तर द्यावे लागेल. पत्र मराठीतच लिहावे. त्यात कार्यक्रमाचे नाव, भागाची तारीख आणि स्वतः मत दिले असल्यास त्याचा पडद्यावरचा फोटो जोडावा. प्रश्न तीन पुरेत. बाहेर पडलेल्या प्रत्येक स्पर्धकाला त्या आठवड्यात एकूण किती मते पडली? निकालात परीक्षकांच्या गुणांचे आणि लोकांच्या मतांचे प्रमाण किती होते, आणि ते हंगामात मध्येच बदलले का? आणि मोजणी वाहिनीने स्वतः केली की बाहेरच्या कुणी तपासली, तपासली असल्यास कुणी?