मेडिकलच्या काउंटरवर



उल्हासनगर कॅम्प ४ मध्ये सुभाष टेकडीवरच्या आमच्या बैठकीला एक बाई तीन महिन्यांची मुलगी घेऊन आली. मुलगी बाटलीवर. "अंगावर का पाजत नाहीस?" कुणीतरी विचारलं, आणि सूर असा की ती रडवेली झाली. "दूध आटलं ताई, मी काय करू?"

हळूहळू कळलं ते असं. लगेच पुन्हा दिवस जातील या भीतीने तिने बाळंतपणानंतर महिन्याभरात नवऱ्याला मेडिकलमधून गोळ्या आणायला सांगितल्या. मिळाली माला-डी. बाळ केवढं आहे, अंगावर पितं का, हे दुकानात कुणी विचारलं नाही. दूध कमी वाटू लागलं तेव्हा पावडरचा डबाही त्याच दुकानातून आला.

माला-डी, माला-एन या गोळ्यांत इस्ट्रोजेन असतं. त्याने दूध कमी होऊ शकतं, म्हणून पाजणाऱ्या बाईला पहिले सहा महिने त्या सहसा देत नाहीत. सरकारी दवाखान्यात मोफत मिळणारी 'छाया' तिला चालली असती, निरोध किंवा तांबीही. गोळ्यांमुळेच दूध आटलं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. ही बाई घरी जीन्सचे धागे कापते, पैसे नगावर मिळतात. पाजायला बसलेल्या वेळाचे कोण देणार? पण तो एक प्रश्न विचारायला हवा होता.

दवाखान्यात रांग असते, सिस्टरला बोलायला फुरसत नसते. मेडिकल मात्र रात्री दहालाही उघडं, फी नाही. गरोदर बाई लोहाच्या गोळ्या न्यायला येते तेव्हाच तिला सांगता येईल : जन्मल्यावर तासाभरात पाजायला घे, चिकाचं दूध फेकू नकोस, सहा महिने मध-घुटी-पाणी काही नको. आणि तुला ताप आला तर पाजणं बंद करू नकोस. पॅरासिटॅमॉल चालतं, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध मात्र नको. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनुसार समुपदेशन हे फार्मासिस्टचं कामच आहे, उपकार नाही.

डबे विकणाराच दुधाचा सल्ला देणार? ही शंका आमच्याही बैठकीत निघाली, आणि ती रास्त आहे. म्हणूनच १९९२ चा अर्भक दुग्धपर्याय कायदा आपल्याला पाठ हवा. दुकानदार डबा विकू शकतो, पण त्याची जाहिरात करता येत नाही, फुकट नमुने वाटता येत नाहीत, पोस्टर लावता येत नाही. डब्यावर बाळाचं किंवा बाईचं चित्र चालत नाही. २००३ मध्ये हा कायदा आणखी कडक झाला. आजच्या व्याख्येत औषधाचं दुकानही आरोग्य व्यवस्थेतच मोडतं.

सल्ला म्हणजे दटावणी नव्हे, हेही सांगायला हवं. जिला पाजता येत नाही तिला 'अमृत, अमृत' ऐकवून काय मिळतं? तिला पावडर किती, पाणी किती, उकळायचं कसं, वाटी-चमच्याने पाजायचं कसं, हे हवं असतं. डबा पुरवायला पाणी वाढवलं की मूल उपाशी राहतं.

गेल्या महिन्यात आम्ही कॅम्पातल्या काही दुकानांत जाऊन बोललो. एक सिंधी काका म्हणाले, "दीदी, मी सांगीन. पण काउंटरवर येतो तो नवरा, नाहीतर सासू. सांगू कुणाला?"

पुढच्या रविवारच्या बैठकीला नवऱ्यांना आणि सासवांनाही बोलावलं आहे. किती येतात बघू.