कळ बोटांची, कळ खिशाची

"कीबोर्डला १५ हजार रुपये?" कॉलेजात जाणारी किंवा नुकतीच नोकरीला लागलेली मुलं ज्या घरात आहेत, तिथे हल्ली हा प्रश्न कधी ना कधी ऐकू येतोच. विचारणारी बहुधा आई असते. तेवढ्या पैशांत चांगलं शिलाई मशीन येतं, हे तिला पक्कं ठाऊक असतं. आणि मुलगा सांगत असतो, "अगं, हा साधा नाही, कस्टम मेकॅनिकल आहे!"

मैत्रिणींनो, मी काही कॉम्प्युटरवाली बाई नाही. मराठी घेऊन बी. ए. झाले, नंतर संसार आणि महिला मंडळाचं काम. पण आमच्या मंडळातल्या कितीतरी मुली आणि सुना टायपिंगवर चार पैसे मिळवतात. कुणी डीटीपीच्या दुकानात, कुणी पतसंस्थेत, कुणी सेवा केंद्रावर अर्ज भरून देते, तर कुणी घरी बसून प्रबंध टाइप करते. त्यामुळे मुलांचा हा नवा शौक मी जरा चौकशी करून समजून घेतला. आणि मला वाटलं, किंमत जास्त की कमी हा प्रश्न नंतरचा. हा कीबोर्ड कुणाच्या हातासाठी घ्यायचा, हे आधी विचारायला हवं.

आपल्या नेहमीच्या चारशे-पाचशेच्या कीबोर्डमध्ये सगळ्या कळांखाली मिळून रबराचा एक पातळ थर असतो. कळ पार तळापर्यंत दाबली की अक्षर उमटतं. वापरून वापरून रबर मऊ पडतं, मग अक्षर अडतं आणि बोट आणखी जोर लावतं. मेकॅनिकलमध्ये प्रत्येक कळीखाली स्वतंत्र स्विच आणि स्प्रिंग असते. कळ साधारण ४ मिलिमीटर खाली जाते, पण निम्म्या वाटेवरच, २ मिलिमीटरला, अक्षर उमटतं. बोट तळाशी आपटायची गरज राहत नाही. जर्मनीच्या चेरी कंपनीने १९८०च्या दशकात आणलेले असे स्विच आजही चालतात, आणि त्याच धर्तीचे स्वस्त चिनी स्विचही आता भरपूर मिळतात. स्विचचे रंगही ठरलेले. निळा टक् टक् वाजतो, तपकिरी बोटाला हलकीशी खूण देतो, लाल गुपचूप खाली जातो.

आता 'कस्टम' म्हणजे काय? तर खोकं वेगळं घ्यायचं, आतली पाटी वेगळी, स्विच वेगळे, वरची टोपणं वेगळी, आणि सगळं आपल्या हातांनी जोडायचं. काही मुलं एकेका स्विचला ब्रशने वंगण लावत बसतात! काही भाग परदेशातून मागवायचे, त्यावर कस्टम ड्यूटी भरायची. काही वेळा तर आधी पैसे भरून महिनोन् महिने वाट बघायची. १५ हजार होतात ते असे.

यात वाईट काही नाही. स्वतःच्या हातांनी वस्तू जोडण्यात आनंद असतो. आपणही एखादी पैठणी ऊब मिळावी म्हणून घेत नाही, जीव रमतो म्हणून घेतो. पण त्याला हौस म्हणावं. "अभ्यासासाठी लागतो" हे काही खरं नाही. टाइप करायला जे सुख हवं, ते दोन-तीन हजारांच्या तयार मेकॅनिकल कीबोर्डमध्ये बहुतेक सगळं मिळतं. वरचे १२ हजार जातात ते रंगाला, आवाजाला आणि मित्रांत मिरवायला. मुलाने स्वतःच्या कमाईतून घेतला तर कौतुक करा. बापाच्या पगारातून मागत असेल तर वाट बघू दे.

मला बोलायचंय ते दुसऱ्याच हातांबद्दल.

एक हिशेब मांडून बघा. मिनिटाला ४० शब्द टाइप करणारी बाई स्पेसची कळ मिनिटाला ४० वेळा दाबते. तासाला २,४०० वेळा. दिवसाकाठी नुसते चार तास धरले तरी ९,६०० वेळा. वर्षाचे ३०० दिवस धरले तर २८ लाख ८० हजार वेळा! आणि ही एकच कळ झाली. साध्या कीबोर्डची कळ ५० लाख दाबांची धरली, तर ती दोन वर्षंही पुरत नाही. चांगल्या मेकॅनिकल स्विचला कंपन्या ५ कोटी आणि त्याहून जास्त दाब सांगतात.

मराठी टाइप करणारीला तर शिफ्टची कळ सतत लागते. इनस्क्रिप्टमध्ये 'क' एका बोटाचा, पण 'ख' म्हटलं की शिफ्ट. 'ग' साधा, 'घ'ला शिफ्ट. जोडाक्षर आलं की मध्ये हलन्त दाबायचा. सगळा भार करंगळीवर. संध्याकाळी हीच बोटं कणीक मळतात आणि कपडे पिळतात.

आमच्या ओळखीच्या एका घरात सून प्रबंध टाइप करून देते. पानामागे पैसे मिळतात. तिच्या कीबोर्डवरची अर्धी अक्षरं पुसलेली, एन्टर दोनदा दाबावं लागतं. तिने २,८०० रुपयांचा कीबोर्ड मागितला तर उत्तर मिळालं, "चालतंय की अजून." त्याच घरात त्याच वर्षी धाकट्या दिराच्या कस्टम कीबोर्डला १४ हजार निघाले. कुणी मुद्दाम दुष्टपणा केला नाही हो. फक्त त्याच्या टेबलावरचं यंत्र महत्त्वाचं वाटलं, आणि तिच्या टेबलावरचं काम 'रिकाम्या वेळातलं' वाटलं. आपल्याकडे हे पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. बोथट विळी, कुरकुरणारं शिलाई मशीन, दांडा हलणारी कढई, बाईच्या हातात जे असतं ते नेहमी 'चालतंय'.

कचेऱ्यांतही तेच. तीन हजारांच्या आसपासचा टीव्हीएस गोल्ड हा मेकॅनिकल कीबोर्ड आपल्याकडच्या हिशेबाच्या आणि डीटीपीच्या कामात वर्षानुवर्षं रुळलेला आहे. म्हणजे ही काही परदेशी चैन नाही. तरी दिवसभर नोंदी करणाऱ्या मुलीपुढे सगळ्यात जुना कीबोर्ड ठेवलेला मी पाहिलाय.

एक मात्र खरं. मेकॅनिकल घेतल्याने पैसे वाचत नाहीत. ३ हजारांचा कीबोर्ड पाच वर्षं वापरला तर महिन्याला ५० रुपये पडतात. पाचशेचा दर दोन वर्षांनी बदलला तर २० ते २१. फरक महिन्याला ३० रुपयांचा. बोटांच्या आरामासाठी ३० रुपये द्यायचे की नाही, एवढाच प्रश्न आहे. माझं उत्तर, जी रोज तीन-चार तास टाइप करते तिच्यासाठी डोळे मिटून द्यावेत. जी आठवड्यातून दोन पत्रं लिहिते, तिने पाचशेचाच घ्यावा.

घेताना मात्र चार गोष्टी बघा. हिशेबाचं काम असेल तर उजवीकडची आकड्यांची पट्टी हवीच. नाजूक दिसणाऱ्या छोट्या कीबोर्डना ती नसते. दोन खोल्यांच्या घरात रात्री काम करत असाल तर निळा स्विच नको, बाळ उठेल. तपकिरी किंवा लाल बघा. शक्यतो स्विच उपसून बदलता येतो असा घ्या, म्हणजे एक कळ बिघडली तर तेवढीच बदलता येते. आणि टोपणं 'पीबीटी'ची मागा, ती लवकर गुळगुळीत होत नाहीत.

आणि महागडा कीबोर्ड म्हणजे औषध नव्हे, हेही लक्षात असू द्या. मेकॅनिकल जरा उंच असतो, त्यामुळे टेबल उंच असेल तर मनगट आणखी वाकतं. मागचे पाय मिटून ठेवा, कोपर टेबलाच्या पातळीत येईल अशी खुर्ची घ्या, अर्ध्या तासाने हात मोकळे करा. तरीही मुंग्या येत असतील, रात्री हात बधिर होत असेल तर अंगावर काढू नका, डॉक्टरांना दाखवा.

आपल्या भाषेत कीबोर्डच्या बटणालाही कळ म्हणतात आणि दुखण्यालाही कळ म्हणतात. बाईने दुसरी सोसावी, हे आपण फार सहज धरून चालतो. तेव्हा या दिवाळीत घरात खरेदीची यादी होईल, तेव्हा टायपिंग करणाऱ्या मैत्रिणींनो, तुमचा कीबोर्ड यादीत स्वतःच्या हाताने लिहा. पुढे किंमतही लिहा. आणि कुणी विचारलंच, तर त्या कीबोर्डवर महिन्याला किती मिळवता, तो आकडाही शेजारी लिहून ठेवा.