गवत कापायचे यंत्र आणि मागे भारा बांधणारी माणसे



पावसाचा जोर ओसरला, की आपल्या आजरा तालुक्यात उत्तूरपासून गवसेपर्यंत बांधांवर गवत माजलेले दिसते. पूर्वी अशा वेळी घरातली चार माणसे विळे घेऊन बांधावर बसत. आता मजूर वेळेवर मिळत नाही, म्हणून बऱ्याच घरांत पेट्रोलवर चालणारा ग्रास कटर आला आहे. भाताचे बांध, काजूची बाग आणि जनावरांची वैरण अशी तिन्ही कामे तो करतो. यंत्र उपयोगाचे आहे, ते जरूर वापरावे. मात्र विळ्याच्या कामातली एक सवय आपण यंत्राच्या कामातही तशीच चालू ठेवली आहे. एकाने पुढे कापत जायचे आणि मागोमाग घरातल्या बाईने किंवा पोराने गवत गोळा करून भारे बांधायचे, ही ती सवय. विळ्याला ती चालत होती, यंत्राला चालणार नाही. म्हणून आजचा मजकूर यंत्र चालविणाऱ्याने एकट्याने न वाचता घरात सर्वांना वाचून दाखवावा.

दोरी साधी, वेग मोठा

नायलॉनच्या दोरीने गवत कापण्याची युक्ती १९७१ साली अमेरिकेतील ह्यूस्टन शहरात जॉर्ज बॅलस यांनी काढली. मोटारी धुण्याच्या यंत्रातले गरगर फिरणारे ब्रश पाहून त्यांना ती सुचली. मक्याच्या लाह्यांच्या रिकाम्या डब्याला भोके पाडून त्यांनी मासे धरण्याची दोरी ओवली आणि डबा फिरवून गवत कापून पाहिले. आजच्या यंत्राचे तत्त्व तेच आहे. दोरीला धार नसते, तिचे सगळे बळ वेगात असते.

हा वेग किती, याचा हिशेब करून पाहू. दोरीचे वर्तुळ ४० सेंटिमीटर व्यासाचे आणि फेरे मिनिटाला ६,००० धरले, तर दोरीचे टोक सेकंदाला सुमारे १२५ मीटर, म्हणजे ताशी साडेचारशे किलोमीटर वेगाने फिरते. या टोकाला गवतात दडलेला खडा, काचेचा तुकडा किंवा तारेचा तुकडा लागला, तर तो गोफणीतल्या दगडासारखा सुटतो. तो कोणत्या दिशेला जाईल हे सांगता येत नाही. चालविणाऱ्याच्या पायापुढे यंत्राचे आच्छादन असते. मागे वाकून भारा बांधणाऱ्या माणसाच्या डोळ्यापुढे काहीच नसते.

यासाठी नियम एकच. यंत्र चालू असताना ५० फुटांच्या आत माणूस, मूल किंवा जनावर असता कामा नये. कामाची आखणीही त्याप्रमाणे बदलावी. एक टाकी पेट्रोल संपेपर्यंत एकट्याने कापावे. मग यंत्र बंद करून बाजूला ठेवावे आणि सर्वांनी मिळून गवत गोळा करावे. तोवर इंजिन थंड होते, हातांनाही विसावा मिळतो. यात वेळ वाया जात नाही, कारण गरम यंत्रात पेट्रोल भरायचे नसल्यामुळे थांबावे लागतेच.

भाकरी घेऊन येणाऱ्याने मागून जाऊन खांद्याला हात लावू नये. कानावर आच्छादन असल्यामुळे चालविणाऱ्याला ऐकू येत नाही. तो दचकून वळला, तर लांब दांड्याच्या टोकाचे पातेही त्याच्याबरोबर वळते. समोरच्या बाजूने, ५० फुटांवर उभे राहून हात हलवावा आणि यंत्र बंद झाल्यावरच जवळ जावे.

पेट्रोल भरताना

प्रथम आपले यंत्र टू-स्ट्रोक आहे की फोर-स्ट्रोक, हे पक्के माहीत करून घ्यावे. फोर-स्ट्रोकमध्ये ऑइलची जागा वेगळी असते, त्याच्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचे नाही. टू-स्ट्रोकला मात्र पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मिसळावेच लागते, नाही तर पिस्टन जाम होतो. प्रमाण यंत्राच्या पुस्तिकेत दिलेले असते. ५० ला १ असेल, तर १ लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर ऑइल. ४० ला १ असेल, तर २५ मिलिलिटर. २५ ला १ असेल, तर ४० मिलिलिटर. अंदाजाने झाकणभर ओतू नये, औषधाचे मापाचे भांडे घरात असते तसे एक यासाठी वेगळे ठेवावे. मिश्रण टाकीत न करता डब्यात करून हलवून घ्यावे.

आता मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते आणि इथेनॉल हवेतला दमटपणा ओढून घेते. आपल्याकडच्या पावसाळी हवेत बरेच दिवस ठेवलेल्या पेट्रोलमध्ये पाणी व इथेनॉल तळाशी वेगळे होऊ शकते. म्हणून दोन-तीन आठवड्यांत संपेल एवढेच पेट्रोल आणावे. यंत्र किती इथेनॉल सहन करते, हेही खरेदी करतानाच विचारावे.

पेट्रोल पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही ठेवू नये. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याने घरगुती साठ्यासाठी घट्ट बुचाचे धातूचे भांडे २५ लिटरपर्यंत, आणि काचेचे वा चिनी मातीचे केवळ १ लिटरपर्यंत मान्य केले आहे. धातूच्या डब्यावर 'पेट्रोल' असे मोठ्या अक्षरांत लिहावे आणि तो चुलीपासून व मुलांपासून दूर ठेवावा. पंपावर पेट्रोल घेताना डबा गाडीवरून उतरवून जमिनीवर ठेवावा. मुलाने चुकून पेट्रोल प्यायले, तर उलटी काढू नये, कारण ते फुप्फुसात जाऊन अधिक अपाय होतो. तसेच तडक रुग्णालयात न्यावे.

शेतात टाकी भरताना इंजिन बंद करून निदान दहा मिनिटे थंड होऊ द्यावे. गवत नसलेल्या मोकळ्या जागी, विडी-काडी दूर ठेवून भरावे. टाकी काठोकाठ भरू नये. सांडलेले पुसून घ्यावे, झाकण घट्ट लावावे आणि यंत्र दहा फूट पलीकडे नेऊन मगच सुरू करावे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत आणि चरात साचून राहते.

यंत्र सुरू करताना

गोठ्यात किंवा पडवीत यंत्र सुरू करू नये, धुरातला विषारी वायू डोळ्यांना दिसत नाही आणि नाकालाही कळत नाही. सपाट जमिनीवर यंत्र आडवे ठेवावे, पाते किंवा दोरी कशालाही टेकलेली नसावी. थंड इंजिन असेल, तर चोक लावून पेट्रोलचा रबरी फुगा पाच-सहा वेळा दाबावा. एका हाताने यंत्र घट्ट दाबून धरावे, दुसऱ्या हाताने दोर हळूच ओढून अडेपर्यंत आणावा आणि मग झटका द्यावा. दोर हाताला गुंडाळू नये, तसाच सोडूनही देऊ नये. इंजिन फुरफुरले, की चोक काढून पुन्हा ओढावे. इंजिन मंद चालत असताना पाते फिरता कामा नये. फिरत असेल, तर मेकॅनिककडून दुरुस्त करून घेतल्याशिवाय काम करू नये.

बांधावर व बागेत

अंगावर पायघोळ विजार, गमबूट, गॉगल आणि त्यावर जाळीचा मुखवटा असावा. लुंगी, गळ्यातला टॉवेल आणि सुटा पदर नको. गमबुटाचा उपयोग सापापासूनही होतो. आदल्या दिवशी बांध फिरून तारा, बाटल्या, दगड वेचावेत. दगडी तालीच्या कडेचे गवत विळ्यानेच काढावे. दोरी संपली म्हणून तारेचा तुकडा लावू नये, तो तुटला तर गोळीसारखा जातो. यंत्राचे आच्छादन अडचण होते म्हणून काढून टाकू नये.

पाते लावले असेल, तर अधिक जपावे. बहुतेक यंत्रांचे पाते वरून पाहता घड्याळाच्या उलट फिरते. म्हणून उजवीकडून डावीकडे कापावे. पात्याचा पुढचा उजवा भाग खुंटाला किंवा दगडाला लागला, तर यंत्र झटक्याने उजवीकडे फेकले जाते. ओल्या उतारावर मागे चालत कापू नये. पात्यात गवत गुंतले, तर इंजिन बंद करून पाते थांबल्यावरच हात घालावा.

काजूच्या लहान कलमांजवळ दोरी नेऊ नये. बुंध्याची साल भोवताली सोलली गेली, तर कलम वाळते. बुंध्याभोवती दीड-दोन फूट गवत खुरप्याने काढावे. बागेची सफाई गवत हिरवे असतानाच, दिवाळीच्या सुमारास उरकावी. माघ-फाल्गुनात वाळलेल्या गवतावर गरम सायलेन्सर टेकला किंवा पाते दगडावर घासून ठिणगी पडली, तर वर्षाचे पीक एका दुपारी जळेल. तेव्हा काम करावेच लागले, तर सकाळी दवात करावे आणि पाण्याचा कॅन जवळ ठेवावा.

डोळ्यात काही घुसले, तर चोळू नये, ओढून काढू नये. स्वच्छ वाटी डोळ्यावर उपडी धरून १०८ ला फोन करावा किंवा आजऱ्याच्या ग्रामीण रुग्णालयात जावे.

हंगाम संपला, की टाकी रिकामी करून इंजिन बंद पडेपर्यंत चालवावे आणि मग यंत्र कोरड्या जागी ठेवावे. आणि उद्या सकाळी यंत्र खांद्याला लावण्यापूर्वी एकदा मागे वळून पाहावे. ५० फुटांत कोणी असेल, तर त्याला आधी दूर जाऊ द्यावे.

पुढील अंकी : कापलेल्या गवताचे काजूच्या बागेत आच्छादन.